एमसीबी पडतो तेव्हा

शेलूचं आमचं घर अब्बांनी बांधलं, तेव्हा विजेवर चालायचे चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ. दाराशेजारी लाकडी बोर्ड आणि त्यावर चिनी मातीचे दोन फ्यूज. पुढे फ्यूज गेले, एमसीबी आले. भिंतीतली तार मात्र तीच राहिली. मग फ्रिज आला, गीझर आला आणि मुलाच्या लग्नानंतर एसी.

त्या उन्हाळ्यात रोज एमसीबी पडू लागला. मी वैतागून वायरमनला म्हणालो, "सोळाचा काढ आणि बत्तीसचा टाक." तो म्हणाला, "टाकतो चाचा, पण मग तार जळाली तरी तो पडणार नाही." त्यानं बोर्ड उघडून दाखवला. तारेचं आवरण काळं पडून कडक झालं होतं. बोट लावताच तुकडा गळला.

मी बी. ए. झालेला कवी. हिशेब त्यानंच समजावला. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, दीड टनाचा एसी साधारण ७ आणि हजार वॅटची इस्त्री ४ च्या वर. तिन्ही एकदम चालू म्हणजे २० अँपिअर. सोळाचा एमसीबी पडणारच. तो एसीचा नव्हे, तारेचा राखणदार आहे. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. राखणदाराला झोपवायला निघालो होतो मी!

तसं पाहिलं तर वीज आमची शेजारीण. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. आमच्या लहानपणी मात्र घराघरांत कंदील होते. म्हणूनच असेल, दिवा लागला यातच आम्हाला धन्यता वाटायची. तो कुठल्या तारेवर लागला, हे कोण विचारतो?

तर, वाढीव वीज हवी असेल तर सुरुवात बिलापासून करा. बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. घरातल्या उपकरणांची बेरीज त्याहून बरीच जास्त असेल, तर महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज करावा. गरजेप्रमाणे खांबापासूनची सर्व्हिस वायर आणि मीटर बदलतात. भार फार असेल तर थ्री फेज घ्यावं लागतं. त्याचा स्थिर आकार जास्त, तेव्हा उगाच हौस नको.

घरातलं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं. आमच्याकडे लोखंडी डबा बसला. एसी आणि गीझरला डब्यापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा महत्त्वाचा. माणसाचा जीव घ्यायला लागणारा प्रवाह इतका थोडा असतो, की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. वीज अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गळू लागली, की आरसीसीबी क्षणात ती तोडतो. त्याच्यावरचं 'टेस्ट'चं बटण अधूनमधून दाबून पाहावं.

राहिलं अर्थिंग. पावसाळ्यात आमच्याकडे जमीन चिंब असते, तेव्हा अर्थिंग छान लागतं. मे महिन्यात तीच जमीन कोरडी ठणठणीत होते आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. आता उन्हाळाभर आमची बेगम तुळस-मोगऱ्याबरोबर अर्थिंगच्या खड्ड्यातही दोन तांबे पाणी ओतते.