हुतूतू : खेळणारे आणि पाहणारे

हुतूतू म्हणा की कबड्डी म्हणा. माती आणि दम एवढ्या भांडवलावर चालणारा हा खेळ. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक थेट बर्लिनला केले. आशियाई क्रीडास्पर्धांत तो १९९० साली आला. महिलांसाठी मात्र २०१० साल उजाडावे लागले! २०१४ पासून प्रो कबड्डीने त्याला घरोघरी प्रेक्षक मिळवून दिला. पण प्रेक्षक वाढला म्हणजे खेळाडू वाढला, असे मला वाटत नाही. मोठे सामने मातीवरून मॅटवर गेले. मॅटला बूट हवेत, छप्पर हवे, पैसा हवा. अनवाणी खेळणारा खेड्यातला मुलगा (मुलींचे तर विचारूच नका) रेघेबाहेरच उभा राहतो. आपल्या महाविद्यालयाने मॅट जरूर घ्यावी. पण त्याआधी मातीची दोन मैदाने आखावीत आणि त्यांतले एक मुलींसाठी राखावे.