🌿 *परसबाग सल्ला : गवती चहा बांधावर नको, घराजवळ लावा*



पावसाळा आला की चहात आलं आणि गवती चहा पडतोच. पण बऱ्याच जणांचं गवती चहाचं बेट शेताच्या बांधावर आहे, आणि सध्या कपाशी-सोयाबीनवर फवारण्या चालू आहेत. म्हणून हा सल्ला.

*बांधावरची पात का तोडू नये?*
▪️ फवारा वाऱ्याने बांधावर येतो. आंतरप्रवाही औषध पानात शिरतं, ते धुऊन निघत नाही. उकळल्यावर गेलं असंही धरू नका.
▪️ लेबलवर लिहिलेले काढणीपूर्वीचे थांबायचे दिवस त्या पिकासाठी असतात, गवती चहासाठी नाहीत.
▪️ गवती चहा हे गवतच आहे. सोयाबीनमध्ये गवतासाठी मारलेलं तणनाशक उडालं तर बेट पिवळं पडून जातं.

*लागवड कशी करायची?*
✅ ज्यांच्या परसात जुनं बेट आहे त्यांच्याकडून मुळांसकट २-३ ठोंब मागून घ्या. पावसाळ्यात ते लवकर धरतात.
✅ वरची पात कापून वीतभर ठेवा. ठोंब २-३ इंचच खोल लावा, जास्त खोल गेला तर कुजतो.
✅ दोन ठोंबांत २ फूट अंतर ठेवा. जागा उन्हाची आणि निचऱ्याची हवी. मोरीचं साबणाचं पाणी थेट सोडू नका.
✅ खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेलं शेणखत पुरेसं आहे.
✅ अंगण नसेल तर तळाला भोकं पाडलेल्या जुन्या बादलीतही येतो.

*कापणी*
३-४ महिन्यांनी पहिली कापणी करा. जमिनीपासून ४-५ इंच वर कापा, बुडातून उपटू नका. ३ वर्षांनी बेट दाट होऊन पात बारीक पडते. तेव्हा खणून, फोडून नव्या जागी लावा.

*बांधावरचंच बेट हलवायचं असेल तर* सगळी जुनी पात कापून टाका, जनावरांनाही घालू नका. नवीन जागेवरची पहिली कापणीही खबरदारी म्हणून वापरू नका.

⚠️ ठोंब घेताना पात चुरगाळून वास घ्या. लिंबासारखा गोडसर वास आला तर गवती चहा. डासांच्या मलमासारखा उग्र वास आणि बुडाला लालसर रंग असेल तर ते सिट्रोनेला असू शकतं, ते चहात घालू नका.

घरात चहा जो करतो त्याला हा मेसेज नक्की वाचून दाखवा. जास्तीचे ठोंब असतील तर ग्रुपवर कळवा, शेजारच्या सभासदाला उपयोगी पडतील.

— *आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग*