२४० दिवसांची भिंत

भोकरदन, जाफराबाद, सिल्लोड या पट्ट्यात सोयरिकीची बोलणी सुरू झाली, की मुलीकडची मंडळी आधी शेती विचारतात, मग विहिरीचं पाणी विचारतात आणि शेवटी नेमक्या प्रश्नावर येतात : 'मुलगा कंपनीत आहे म्हणता, पण परमनंट आहे का?' एकेकाळी 'कंपनीत आहे' एवढ्यावर सुपारी फुटायची. आज त्या शब्दांना ते वजन उरलेलं नाही. पोळ्याला कंपनीत असलेला मुलगा दिवाळीनंतर घरी बसलेला दिसतो आणि संक्रांतीला दुसऱ्याच कंपनीच्या गेटवर उभा असतो. दहा वर्षं राबूनही हुद्दा तोच आणि पगारही जवळपास तोच. पोराला एका जागी टिकता येत नाही, असा याचा अर्थ गावात लावला जातो. तो अर्थ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे प्रत्येक घराने समजून घ्यायला हवं.

शेतातून गेटपर्यंत

भोकरदन तालुका बहुतांशी कोरडवाहू. कापूस, मका, सोयाबीन आणि मिरची ही इथली पिकं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरवी मिरची दूरदूर जाते, पण भाव पडला तर तोडणीची मजुरीही सुटत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा निव्वळ शेतीवर घर चालेल ही आशाही अनेकांनी सोडली. अशा घरातला आयटीआय किंवा बारावी झालेला मुलगा संभाजीनगरची वाट धरतो.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली. पहिल्या लाटेत लागलेले अनेक जण कायम झाले. बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी या वाळूजच्या वस्त्यांमध्ये त्यांनी घरं बांधली, मुलं शिकवली. गावाकडच्या बापाच्या मनात 'कंपनी' म्हटलं की आजही हेच चित्र असतं. मुलगा मात्र वेगळ्याच कागदावर सही करून आत जातो.

कागद कोणता?

एकाच लाइनवर, एकाच यंत्राशेजारी उभे असलेले चार जण चार वेगवेगळ्या नात्यांनी कंपनीशी बांधलेले असू शकतात. पहिला कायम कामगार. त्याला युनियन आहे, ठरावीक काळाने होणारा वेतन करार आहे. दुसरा ठेकेदाराचा. तो काम कंपनीचं करतो, पण कागदोपत्री मालक ठेकेदार. तिसरा शिकाऊ. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तो 'कामगार' धरला जात नाही, त्याला मिळतं ते विद्यावेतन. २०१३ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने 'नीम' नावाची प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात तर ३ ते ३६ महिने 'ट्रेनी' म्हणून ठेवण्याची सोय होती. ती योजना पुढे बंद झाली, पण 'ट्रेनी' हा शब्द कारखान्यात राहिला. चौथा ठरावीक मुदतीचा. त्याच्या नेमणूकपत्रावरच शेवटची तारीख छापलेली असते.

पहिला सोडून उरलेल्या तिघांच्या नोकरीचा काळ बऱ्याचदा सात महिन्यांच्या आसपास का संपतो, याचं उत्तर २४० या आकड्यात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्याची सेवा वर्षभराची सलग सेवा मानली. असा कामगार कमी करायचा तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनी याच्या पुढे जाऊन २४० दिवस भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद केली. कामगाराच्या रक्षणासाठी आखलेली ही रेघ पुढे त्याच्याच वाटेतली भिंत झाली. दिवस भरत आले की 'ब्रेक' येतो. गेटपास जमा होतो. महिना-दोन महिन्यांनी तोच मुलगा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, कधीकधी त्याच लाइनवर, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो.

याला बाजाराचंही कारण आहे. दसरा-दिवाळीच्या आधी दुचाकींची मागणी वाढते, नंतर ओसरते. त्या चढउताराचा भार कुणीतरी सोसायला हवा. कंपनी तो पुरवठादारावर टाकते, पुरवठादार ठेकेदारावर आणि ठेकेदार कामगारावर. शेवटचा माणूस तो भार घेऊन भोकरदनला परततो आणि कापूस वेचणीला लागतो. त्याला दोन घास देण्याचं काम शेवटी कोरडवाहू शेतीच करते. मोठ्या उद्योगाच्या चढउताराचा विमा गरीब शेतकऱ्याचं घर भरत असतं, आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

हे दुखणं जुनं आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत 'बदली' कामगार रोज पाळीच्या वेळी गेटवर उभा राहायचा. कुणी गैरहजर असेल तर त्याला काम मिळायचं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. गिरण्या गेल्या, पण गेटवर थांबलेला माणूस मराठवाड्यातल्या गेटवरही दिसतोच.

शिकवणार कोण?

नोकरीची शाश्वती आणि बढती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं आपण धरून चालतो. खरं पाहता पहिलीवाचून दुसरी मिळत नाही. जो माणूस सात महिन्यांनी जाणार आहे, त्याला सीएनसी यंत्राची सेटिंग शिकवण्यात कंपनी वेळ आणि पैसा घालत नाही. त्याला एकच स्क्रू आवळायला, एकच भाग उचलून ठेवायला लावलं जातं. जाणार हे ठाऊक असल्याने मुलगाही त्या कामात जीव ओतत नाही. दुसऱ्या कंपनीत गेल्यावर त्याच्या अनुभवाची किंमत शून्य, कारण त्याने केलेलं काम कुणीही दोन दिवसांत शिकू शकतो. म्हणून तो पुन्हा 'हेल्पर'. तिशी ओलांडली की ठेकेदाराला त्याच्यापेक्षा एकवीस वर्षांचा पोरगा बरा वाटतो. कौशल्य नाही म्हणून कायम होत नाही आणि कायम नाही म्हणून कौशल्य मिळत नाही. या फेऱ्यात त्याच्या उमेदीची दहा वर्षं निघून जातात.

भोकरदनच्या मातीला हे फार टोचायला हवं. हे गाव म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या शिलालेखांत इथल्या दात्यांचे उल्लेख आहेत. १९७० च्या दशकात इथं झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग मिळाला. इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं आहे. ती घडवणाऱ्याचं कसब त्याच्या हातात होतं. बाजार बदलला, गिऱ्हाईक बदललं, तरी ते त्याच्याबरोबर जायचं. आजच्या भोकरदनकराला कारखान्यातून असं बरोबर नेण्यासारखं काहीच मिळत नाही, आणि मला वाटतं पगारापेक्षाही मोठी लूट ती आहे.

वर गेलं की छत्र जातं

जे कायम झाले, त्यांचीही वाट पुढे अडतेच. अनेक कारखान्यांत सुपरवायझरच्या जागा थेट डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग झालेल्यांमधून भरल्या जातात. ऑपरेटर वीस वर्षांनी 'सीनियर ऑपरेटर' होतो आणि तिथेच थांबतो. ज्याला 'स्टाफ'मध्ये घेतलं जातं, त्याच्या घरी पेढे वाटले जातात, पण त्या बढतीबरोबर एक गोष्ट जाते. व्यवस्थापकीय काम करणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' राहत नाही. देखरेखीचं काम करणाराही महिना १८,००० रुपयांहून अधिक पगार असेल तर नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेच्या व्याख्येबाहेर जातो. तो युनियनमधून बाहेर पडतो, नोटीस-भरपाईचं संरक्षण गमावतो. मंदी आली की कुऱ्हाड कुणावर सोपी पडणार, हे सांगायला नको.

पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत गेलेली आपली इंजिनीअर मुलं हेच अनुभवत आहेत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. त्याआधी जूनमध्ये कंपनीने नियम केला होता, की वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असलंच पाहिजे, आणि बिनकामाचे दिवस ३५ हून अधिक चालणार नाहीत. वाळूजच्या पोराला २४० दिवस भरू दिले जात नाहीत, हिंजवडीच्या पोराला २२५ दिवस भरावेच लागतात. दोघंही दिवस मोजत झोपतात.

कंपनीचं नाव मोठं म्हणून नोकरी पक्की, हा समजही आपल्याच भागाने महागात अनुभवला आहे. व्हिडिओकॉन हे मराठवाड्याच्या अभिमानाचं नाव होतं. पैठण रस्त्यावरच्या चितेगावला तिचा मोठा कारखाना होता. जून २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या भरवशावर हप्ते घेतलेल्या कायम कामगारांनाही कायमपणाने वाचवलं नाही.

नव्या संहितांनी काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत घेण्यासारखं आहे आणि घाबरण्यासारखंही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला त्याच कामासाठी कायम कामगाराइतकंच वेतन आणि लाभ द्यावे लागतील. पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेवर त्याला ग्रॅच्युइटी मिळेल. कंपनीच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे, जरी तिला अपवाद ठेवलेले असले तरी. कामगारांना वर्षानुवर्षं मुद्दाम तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा असल्याचं नवी संहिताही मानते.

दुसरी बाजू अशी, की कामगार कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता ३०० वर गेली. मुदतीचा करार संपला तर ती कपात धरली जात नाही, आणि असा करार किती वेळा करायचा याला संहितेत मर्यादा नाही. थोडक्यात, सात महिन्यांच्या ब्रेकची जागा वर्षावर्षाच्या करारांनी घेण्याची शक्यता आहे. पैसे थोडे बरे, भविष्य तितकंच धूसर.

कागद जपा

मग कामावर लागणाऱ्या मुलाने करायचं काय? पहिलं, सही करण्याआधी पाहायचं, की मालक म्हणून कुणाचं नाव आहे आणि हुद्दा काय लिहिला आहे. दुसरं, नेमणूकपत्र, पगारपत्रक, हजेरीचा पुरावा, गेटपासचा फोटो हे सगळं जपायचं. कारण २४० दिवस भरल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी कामगाराची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ते दिवस मोजताना पगारी सुट्ट्या आणि साप्ताहिक सुट्ट्याही धरायच्या, हेही त्याच न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं आहे, आणि हे फार थोड्या कामगारांना माहीत असतं. तिसरं, पीएफचा एकच यूएएन क्रमांक सगळ्या नोकऱ्यांत चालवायचा. ठेकेदार बदलले तरी त्या खात्यात तुमच्या सेवेचा माग राहतो. चौथं, ठेका निव्वळ दिखाऊ असेल, हजेरी, काम आणि शिस्त सगळं कंपनीच पाहत असेल, तर न्यायालय त्या कामगाराला कंपनीचाच मानू शकतं. 'सेल' कंपनीच्या २००१ च्या निकालाने ती वाट उघडी ठेवली आहे. ती लांबची आहे, एकट्याने चालण्याची नाही. त्यासाठी संघटना लागते.

एवढ्याने मात्र भागणार नाही. ब्रेकच्या भीतीने तोंड उघडता न येणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोरावर सगळी जबाबदारी टाकून समाजाला मोकळं होता येणार नाही. बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत मोठे प्रकल्प येत आहेत. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये तिथल्या सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आणि ८,००० थेट रोजगारांचा आकडा जाहीर झाला. जमीन, रस्ता, पाणी, करसवलत जनतेच्या खिशातून जाते. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याचं धोरण राज्यात जुनं आहे. त्याला आणखी अटी जोडायला हव्यात. सवलत घेणाऱ्या कंपनीने कायम जागांचं किमान प्रमाण लिहून द्यावं. तात्पुरत्या कामगाराला जाताना काय शिकला याचा सरकारमान्य दाखला द्यावा. पुन्हा घेताना त्याची आधीची सेवा मोजून पुढच्या श्रेणीवर घ्यावं. सुपरवायझरच्या काही जागा ऑपरेटरमधून भराव्यात. कंपनीच्या यंत्रांना याने धक्का लागत नाही. उलट शिकलेला आणि टिकणारा माणूस कोणत्याही मालकाला परवडतो.

माणसाचं वय वाढतं, तसं त्याचं कसब, त्याचा पगार आणि त्याचा मान वाढायला हवा. भोकरदनच्या आमदार-खासदारांपासून गावच्या ग्रामसभेपर्यंत सगळ्यांनी हे मागितलं पाहिजे. ही मागणी मेहेरबानीची नाही, श्रमाची आहे, आणि ती मोठ्या आवाजात करण्यात संकोच वाटण्याचं काहीच कारण नाही.