काका, पुस्तकच उघडंना!

शाळा उघडून चारच दिवस झाले होते. वालूरहून पुतणीचा फोन आला. ‘काका, पुस्तकच उघडंना!’ ती दहावीत गेलेली. पहिली ते आठवी शाळेतून फुकट मिळालेली पुस्तकं नववीपासून विकत घ्यावी लागतात. सेलूच्या दुकानात बाकीची मिळाली, इतिहासाचं संपलं होतं. दुकानदार म्हणाला, आठ दिवसांनी या. तिला आठ दिवस थांबायचं नव्हतं, म्हणून तिनं फोनवर शोधलं.

काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं. पहिल्याच दुव्यावर हिरवं बटण होतं, त्यावर ‘डाउनलोड’ लिहिलेलं. दाबलं तर मोबाइल नंबर मागितला. तो दिला तर ओटीपी, ओटीपी दिला तर अॅप घ्या म्हणे. अॅप घेतलं तेव्हा कुठं एक फाइल उतरली. तिच्यात पहिला धडा साम्राज्यवाद, दुसरा पहिलं महायुद्ध. शाळेत मात्र बाईंनी ‘इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा’ शिकवायला घेतलेलं. पुतणीला वाटलं आपलंच चुकलं. त्या संध्याकाळपासून कुठल्याशा क्लासचे फोन सुरू झाले ते वेगळंच.

तिचं काही चुकलं नव्हतं. दहावीचा अभ्यासक्रम २०१८ साली बदलला. त्याआधीच्या इतिहासात आधुनिक जगाचा इतिहास होता. आताच्या पुस्तकात इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, पर्यटन असे विषय आहेत. जुन्या पुस्तकाच्या नोट्स कुणी काढून टाकलेल्या नाहीत. त्या तशाच तरंगत आहेत आणि शोधणाऱ्या लेकरापुढं नव्यांच्या आधी येऊन उभ्या राहतात.

वालूर हे सेलू तालुक्यातलं गाव, बारवांसाठी ओळखलं जाणारं. इथली चक्राकार पायऱ्यांची बारव बघायला आता लांबून लोक येतात. ती गाळानं आणि कचऱ्यानं भरली होती. गावकऱ्यांनी आणि बारवा जपणाऱ्या मंडळींनी हात लावला तेव्हा पायऱ्या दिसू लागल्या. पुतणीशी बोलताना मला सारखी तीच आठवत होती. दहावीच्या प्रत्येक विषयाचं खरं, चालू वर्षाचं पुस्तक सरकारनं फुकट ठेवलेलं आहे, पण तिथपर्यंत जायच्या वाटेवर एवढा गाळ साचलाय की वालूरच्या लेकराला ते असल्याचं कळतही नाही. दिवाळी अंकाच्या निमित्तानं हा गाळ थोडा उपसावा, एवढ्यासाठीच हे लिहितोय.

पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करू. ज्याला आपण सगळे ‘बालभारती’ म्हणतो, ते पुण्याचं पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ २७ जानेवारी १९६७ रोजी सुरू झालं. त्याचं ‘ई-बालभारती’ नावाचं संकेतस्थळ आहे. तिथं इयत्ता निवडायची, माध्यम निवडायचं, विषय निवडायचा. अख्खं पुस्तक पीडीएफ होऊन उतरतं. नंबर लागत नाही, अॅप लागत नाही, पैसा लागत नाही. पुतणीला फोनवर सांगत सांगत तिथं नेलं तेव्हा ती म्हणाली, ‘एवढंच होतं?’

पण तिथंही नावांची गल्लत होते. दहावीचं मराठी शोधणाऱ्या लेकराला ‘मराठी’ या शब्दावर दोन पुस्तकं दिसतात. मराठी माध्यमाच्या लेकरांचं ‘कुमारभारती’, आणि ज्यांची मराठी दुसरी भाषा आहे त्यांचं ‘अक्षरभारती’. आवरणं सारखीच वाटतात, धडे वेगळे. अकरावी-बारावीला हेच ‘युवकभारती’ होतं. म्हणून शोधताना ‘मराठीचं पुस्तक’ असं न लिहिता ही नावं लिहावीत.

पुस्तक उतरलं की आधी त्याचं दुसरं-तिसरं पान बघावं. तिथं बारीक अक्षरात प्रथमावृत्ती आणि पुनर्मुद्रणाचं साल असतं. आपल्याकडं हे पान कुणी वाचत नाही, मीही कधी वाचलं नव्हतं. पण फोनवर पुस्तक शोधणाऱ्यासाठी पुस्तकातलं सगळ्यात कामाचं पान तेच. २०२३ मध्ये काही इयत्तांची पुस्तकं चार भागांत आली, धड्यांनंतर वहीसारखी कोरी पानं जोडून. पुढं तो निर्णयही मागं घेतला गेला. त्यामुळं एकाच इयत्तेच्या एकाच विषयाच्या दोन-तीन तऱ्हा आज फिरताहेत. साल बघितलं नाही, तर मोठ्या बहिणीचं पुस्तक धाकट्या भावाच्या हातात पडतं.

त्याच पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, क्यूआर कोड. ‘दीक्षा’ हे सरकारी व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालं, त्याच्याशी तो जोडलेला आहे. फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरला की त्या धड्याचं जादा साहित्य, चित्रफिती, सराव उघडतात. छापील पुस्तक घरात आलं असेल तर शोधाशोध न करता चांगल्या साहित्यापर्यंत नेणारी याच्याइतकी सोपी वाट नाही.

एक व्यवहाराचं. पीडीएफ उतरली म्हणून ती पूर्ण झेरॉक्सवाल्याकडं छापायला नेऊ नका. बालभारतीचं छापील पुस्तक त्या झेरॉक्सपेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच पडतं, आणि बांधणी टिकते. पीडीएफ आठ दिवसांची अडचण भागवायला, शब्द मोठा करून वाचायला, आणि पावसात दप्तर भिजलं तर. पुतणीलाही मी हेच सांगितलं. तिनं पहिला धडा फोनवर वाचला, उरलेलं पुस्तक आल्यावर.

आता नोट्सकडं येऊ, कारण लेकरं खरं तर त्याच शोधत असतात. पुस्तक हे शाळेचं, नोट्स या परीक्षेच्या, असा आपल्याकडचा समज. आमच्या वेळी गाईड आणि ‘अपेक्षित’ होतं. आता त्यांचीच पानं मोबाइलवर फोटो काढून फिरतात. बोर्डाच्या तयारीला मात्र दोन गोष्टी कुठल्याही गाईडइतक्याच कामाच्या आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. एक, राज्य मंडळाचा विषयवार आराखडा आणि जुन्या प्रश्नपत्रिका. दुसरी, करोनात शाळा बंद होत्या त्या काळात राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेनं दहावी-बारावीसाठी काढलेल्या प्रश्नपेढ्या. त्या वर्षी २५ टक्के अभ्यासक्रम कमी केला होता, २०२१ ची दहावीची परीक्षा तर झालीच नाही. पण प्रश्नपेढ्या उरल्या. फक्त त्या वापरताना वगळलेले भाग आता परत आलेत हे ध्यानात ठेवावं.

बारावीनंतर नीट देणाऱ्यांची गोष्ट वेगळी. परभणीकडची कितीतरी लेकरं लातूरला खोली घेऊन राहतात, आणि घरी येताना क्लासच्या नोट्सचं बाड आणतात. ते बाड मागच्या वर्षीच्या ताईकडून पुढच्या वर्षीच्या भावाकडं जातं. पण नीटचा मुख्य आधार एनसीईआरटीची पुस्तकं, आणि ती एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. धडा-धडा वेगळा उतरवता येतो, हे खेड्यातल्या रेंजसाठी मोठंच सुख. अडचण भाषेची. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण एनसीईआरटीची पुस्तकं तिथं इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत आहेत. मराठीतून परीक्षा द्यायची मुभा दिली आणि मराठीतून पुस्तक दिलं नाही, ही गोष्ट मला खटकते. लेकरू मराठीत प्रश्न वाचतं आणि इंग्रजीत पाठ केलेलं आठवत बसतं.

स्पर्धा परीक्षांच्या नोट्सचा पूर तर सगळ्यात मोठा, आणि तिथं जुनेपणाचा धोकाही सगळ्यात मोठा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्षानुवर्षं पर्याय निवडण्याची होती. ती लेखी उत्तरांची करायचं ठरलं, विद्यार्थ्यांनी पुण्यात आंदोलन केलं, आणि २०२५ पासून ती लागू करायची असं झालं. पर्यायी प्रश्नांसाठी काढलेली हजारो पानं एका निर्णयात अर्धी निकामी झाली, तरी ती अजून ‘संपूर्ण नोट्स’ म्हणून विकली जातात. लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आहेत. आधी तो अभ्यासक्रम डोळ्यांखालून घालावा, मग कुणाच्या नोट्सला पैसे द्यायचे ते ठरवावं.

मराठीतून शोधणाऱ्याला आणखी एक अडथळा येतो, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कितीतरी मास्तरांनी, प्राध्यापकांनी चांगल्या नोट्स टंकून ठेवल्यात, पण त्या जुन्या डीटीपी फाँटमध्ये. कागदावर त्या मराठी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त मराठी चित्र पांघरलेली. म्हणून तुम्ही युनिकोडमध्ये ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ असं शोधलं, तर त्या शब्दानं भरलेली ती फाइल सापडतच नाही. तिच्यातली ओळ उचलून दुसरीकडं चिकटवली तर नुसता चिन्हांचा कचरा पडतो. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचीही हीच गत, ती तर नुसती छायाचित्रं. शब्द सापडला नाही म्हणून साहित्य नाही असं समजू नये. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, विद्यापीठाचं नाव टाकून बघावं, देवनागरीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत एकदा. शोधाच्या शेवटी इंग्रजीत ‘फाइलटाइप’, लगेच दोन टिंबं आणि ‘पीडीएफ’ असं मधे जागा न सोडता लिहिलं, तर पीडीएफ फायलीच समोर येतात आणि हिरव्या बटणांची दुकानं बरीचशी बाजूला पडतात. पत्त्याच्या शेवटी सरकारी किंवा विद्यापीठाची खूण आहे का तेही बघावं.

पुतणीला शाळेतून मुक्तिसंग्रामावर प्रकल्प मिळाला तेव्हा ही वाट कामी आली. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबांच्या पिढीला माध्यमिक शिक्षण उर्दूतून घ्यावं लागलं, १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं, एवढं तिला ठाऊक होतं. पुढचं तिनं मराठी विश्वकोशात वाचलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून ज्याची उभारणी केली, त्या विश्वकोशाचे खंड आज कुणालाही फोनवर उघडता येतात. परभणी जिल्ह्याचं गॅझेटियर राज्य सरकारनं ऑनलाइन ठेवलंय. पदवीला गेल्यावर तिला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पुस्तकं लागतील. १९८९ साली नाशिकला सुरू झालेल्या या विद्यापीठाची इतिहास-अर्थशास्त्राची मराठी पुस्तकं बाकीच्या विद्यापीठांतली पोरंही वापरतात. शेतीचं शिकली तर परभणीच्या कृषी विद्यापीठातले प्रबंध ‘कृषिकोश’मध्ये, इतर विद्यापीठांचे ‘शोधगंगा’मध्ये. आणि खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय या सगळ्याला एका ठिकाणी शोधू देतं.

काय उतरवलं तर चालतं आणि काय नाही, हेही लेकरांना कुणी सांगत नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं सगळ्यांची झाली. बाबासाहेबांचं १९५६ ला महापरिनिर्वाण झालं. त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड सरकारनंच ऑनलाइन खुले केलेत. आजच्या लेखकाचं नुकतंच आलेलं पुस्तक टेलिग्रामवर फुकट फिरत असेल, तर ती चोरी आहे. मराठीत लिहून पोट भरणं आधीच कठीण, त्याच्या ताटातली भाकरी अशी उचलू नये. अभ्यासापुरती झेरॉक्स ही वेगळी गोष्ट. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये, शिकवण्यासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रती काढणं कायद्यात बसतं, असा निकाल दिला.

अभ्यासाचं म्हणून शोधायला गेलेल्या लेकराला वाटेत आनंदाचं काही सापडावं, असंही मला वाटतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. त्याचे तेव्हापासूनचे जुने अंक आता फुकट वाचता येतात. मी तो दुवा पुतणीला पाठवला, आणि रात्री दादाचा फोन आला: ‘तू काय पाठवलंस तिला? जेवायला उठंना झाली.’

परवा तिनं स्वतःहून एक शोध लावला. शाळेत वालूरच्या बारवेवर चार ओळी लिहायच्या होत्या. शिकागो विद्यापीठानं जुने मराठी कोश ऑनलाइन ठेवलेत, मोल्सवर्थचा १८५७ चा आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. मी तिला ते कधीतरी दाखवले होते. तिनं दोन्हींत ‘बारव’ शोधला, आणि फोन केला तेव्हा आवाजात धाप होती, शाळेतून पळत आल्यासारखी.

‘काका, आपली बारव शिकागोत पण हाय!’