काटा लाल पट्ट्यात का जातो?

कार्बोरेटरवाल्या जुन्या मारुती ८०० चं इंजिन घरी खोलून बसवलं, की पहिल्याच फेरीत ते तापतं आणि बिचाऱ्या रेडिएटरवर आळ येतो. आधी संशय घ्यावा तो हवेचा. कूलंट भरताना हेडच्या पोकळ्यांत अडकलेली हवा धातूची उष्णता नीट उचलत नाही. ती बाहेर काढायला रेडिएटरचं झाकण उघडावं लागतं, पण ते थंड इंजिनवरच काढावं. बंद झाकणाखाली सुमारे ०.९ बार जादा दाबामुळे पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. गरम असताना उघडलं तर तोंडावर वाफ. झाकण काढून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन आयडलवर चालवावं आणि पातळी भरत राहावी, म्हणजे हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते.

तरीही बुडबुडे थांबेनात? मग हेड गॅस्केटमधून जळालेला वायू पाण्यात शिरत असावा. हेड सपाट आहे का हे फीलर गेजने तपासलं होतं ना? केसाहून बारीक फटही इथे पुरते.

सगळ्यात फसवं कारण मात्र पाण्याशी संबंधितच नसतं. डिस्ट्रिब्युटर बसवताना टायमिंग मागे राहिलं, तर ज्वलन उशिरा होतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानाही वायू तापलेलाच असतो आणि ती उष्णता हेडमध्ये उतरते. गाडीही मरगळल्यासारखी ओढते. टायमिंग लाइट लावून बघा, मगच नव्या रेडिएटरला पैसे मोजा.