स्वगत की भाषण? स्नेहसंमेलनात 'नटसम्राट' करण्याआधी हे वाचा

शाळेचं स्नेहसंमेलन देवगाव फाट्यावर असो की परभणीत, 'नटसम्राट'मधल्या अप्पा बेलवलकरांचं स्वगत कुणीतरी करतंच. अनेकदा ते वाटतं मात्र प्रचारसभेसारखं. आवाज टिपेला, बोट प्रेक्षकांवर रोखलेलं.

फरक कळायला एकच प्रश्न पुरतो. हे बोलणं कोणासाठी आहे? भाषण समोरच्यांसाठी असतं. स्वगतात पात्र स्वतःशीच बोलतं, प्रेक्षक ते जणू चोरून ऐकतात. वि. वा. शिरवाडकरांच्या १९७०च्या या नाटकातला म्हातारा अप्पा मतं मागत नाही. तो आतून तुटलेला आहे.

संस्कृत नाटकात तर याचे नियमच होते. रंगमंचावर तिसरा असताना दोघांनी आपसात बोलायचं ते जनांतिक. नटाने अनामिका दुमडून हात आडवा धरला, की तिसऱ्याला ऐकू येत नाही असं प्रेक्षकांनी समजायचं. आज हे विनोदी वाटेल, पण युक्ती भन्नाट आहे! रंगमंचावर नसलेल्याशी बोलून 'काय म्हणतोस?' असं त्याचं उत्तरही आपणच सांगायचं, ते आकाशभाषित. एकपात्री प्रयोग याच्याच जवळचा. मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ५२ पात्रं एकट्याने उभी केली.

स्वगत करणाऱ्याने माईक स्टँडवरच ठेवावा, हात मोकळे राहतात. आणि नजर पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांवर नको.