बर्फाखालचं पाणी

आमच्या मेसमध्ये चंद्रपूरचा एक मित्र आहे. त्याच्या गावी मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. 'तुमच्याकडे हिमनदी होती' असं सांगितल्यावर त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पण खरंच होती! (कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'ग्लेशियर' म्हणायचो; हिमनदी शब्द जास्त चांगला, त्यात वाहणं आहे.) चंद्रपूरजवळ इरई इथे पैनगंगेकाठच्या चुनखडीवर ओरखडे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फात रुतलेल्या दगडांनी ते काढले. फेडन या भूवैज्ञानिकाने १८७५ साली त्यांच्यावर लिहिलं.

आता गंमत बघा. खडकाला गोठून चिकटलेला बर्फ सहसा असा घासत जात नाही. घसरायला तळाशी पाणी लागतं.

हे पाणी म्हणजे नुसतं वंगण नव्हे. सिव्हिलवाल्यांना 'इफेक्टिव्ह स्ट्रेस' आठवत असेल. बर्फाचं वजन खडकावर दाबतं, पण मध्ये कोंडलेलं पाणी उलट वर ढकलतं. जेवढा भार पाणी पेलतं, तेवढं खडकाशी फ्रिक्शन कमी. तेव्हा पाणी किती, यापेक्षा त्याचं प्रेशर किती, हे महत्त्वाचं. जुलै २००६ मध्ये ग्रीनलँडच्या बर्फावरचं एक अख्खं तळं भेगेतून सुमारे दीड तासात खाली गेलं. तिथे बर्फ जवळजवळ एक किलोमीटर जाड, तरी तो मीटरभर वर उचलला गेला आणि काही काळ जोरात सरकला!

मग जास्त वितळलं की जास्त वेग? इथेच सगळे फसतात. माझं गाव केळशी. मृगाचा पहिला पाऊस पडला की पाणी आगरात सगळीकडे पसरून तुंबतं. श्रावणापर्यंत त्याच पाण्याने आपल्या वाटा पाडलेल्या असतात, मग कितीही कोसळू दे, ते सरळ निघून जातं. बर्फाखालीही तसंच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी कोंडतं, प्रेशर चढतं, बर्फ धावतो. पुढे वाहतं पाणी बर्फात बोगदे कोरतं, प्रेशर उतरतं, वेगही उतरतो. ग्रीनलँडच्या नैऋत्येला जमिनीवरच संपणारा बर्फ तर वितळणं वाढूनही काही दशकांत मंदावलेला आढळला.

केळशीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने मात्र यावर लगेच खूश होऊ नये. बोगद्यातून गेलेलं पाणी शेवटी समुद्रातच येतं. आणि ज्या मोठ्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात, त्यांचा हिशेबच निराळा. तिथे कोमट होत चाललेला समुद्र बर्फाला समोरून, खालून खातोय.